भाकर-तुकड्याचा भाग

आई, मावशी सापडली. आपल्या भिंतीला भिंत लागून राहायची, मंगल कार्यालयात भांडी घासायला जायची, ती. आता सत्तरीला टेकली आहे, निफाडच्या पुढे एका गावात असते, आणि तिला एक भाग बघायचा आहे. आपल्या त्या मालिकेतला. घर सोडून गेलेली मोठी सून परत येते आणि सासू उंबऱ्यात येऊन भाकर-तुकडा ओवाळून टाकते, तिला आत घेते, तो भाग. तो तिला कुणीच देऊ शकत नाही, कारण असा भाग कधी दाखवलाच नव्हता. तो मी रचला होता. अकरा वर्षांची होते मी. हे मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक असावं असा मला इतकी वर्षं संशय आहे. तू असतीस तर विचारलं असतं. नाहीस म्हणून लिहिते आहे, याला काही अर्थ नाही हे कळूनही.

तुला आधी हे सांगायला हवं की ती मालिका आता फोनवर दिसते. कुणी भल्या माणसाने सगळे भाग चढवून ठेवले आहेत, आणि ती बघणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. रोज एक भाग बघायचा आणि त्यावर बोलायचं असं ठरलं होतं, पण भागावर दोन वाक्यं होतात आणि मग जो तो आपलंच सांगत सुटतो. सटाण्याचे एकजण लिहितात की त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या खिडकीतून बघायचे, आणि त्या लोकांनी खिडकीला पडदा लावला तो दिवस ते अजून विसरलेले नाहीत. एक बाई आहेत, त्यांचे वडील धाकट्या मुलाच्या साखरपुड्याच्या भागाच्या दिवशी गेले, तर त्या तिथपर्यंत बघतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांच्याकडे वहीत प्रत्येक भागात काय झालं त्याची यादी आहे. मीही तुझ्याबद्दल लिहिलं होतं. साड्यांना फॉल लावता लावता तू गल्लीतल्या बायकांना चुकलेला भाग कसा सांगायचीस, ते. सगळ्यांना फार आवडलं. मी खूश होऊन दोन दिवस मिरवले.

आणि मग गटावर मावशीचा आवाज आला, तिच्या सुनेच्या फोनवरून. इतक्या वर्षांनी ऐकला, तरी मी हातातली कणीक तशीच ठेवून उभी राहिले. "नमस्कार सगळ्यांना. मला तेवढा एक भाग लावून द्या कोणी. मोठी सून माघारी येती, सासू भाकर-तुकडा ओवाळून टाकती. तो भाग ऐकून मी नांदायला गेले व्हते. बघायचा राहिला. आता डोळ्यांनी कमी दिसतंय, जरा लवकर द्या." मास्तरांनी वही काढली. असा भाग नाही म्हणाले. मोठी सून जाते ती जाते, पुढे तिचं फक्त एक पत्र येतं. दुसऱ्या कुणी लिहिलं, "काकू, ते उत्तरेकडचं घर, पुऱ्या-पराठे खाणारं. तिथं भाकर कुठून येणार?" त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. शेवटी तिच्या सुनेने लिहिलं, "माफ करा हं, आईंचं हल्ली असंच होतं. नसलेल्या गोष्टी आठवतात. नाशिकला डॉक्टरांना दाखवणार आहोत." मास्तरांनी काळजी घ्या म्हटलं, आणखी आठजणांनी हात जोडले. खाई त्याला खवखवे. मी फोन पालथा ठेवला आणि पोळ्या लाटायला लागले.

तुझं ते सांगणं मला आज जितकं दिसतं तितकं तेव्हा दिसत नव्हतं. दुपारची वेळ, तू दाराजवळ उजेडाला बसलेली, मांडीवर कुणाची तरी साडी, आणि लग्नसराईत जिचे आठवड्यातले सगळे भाग चुकायचे ती मावशी भिंतीला टेकून. ती सात महिन्यांपासून भावाकडे होती. सासरहून मार खाऊन आलेली, आणि इथे भावजयीची बोलणी भिंतीतून आपल्यालाही ऐकू यायची. तू तिला भाग सांगतेस तो जसाच्या तसा. पदरचं काही घालायचं नाही हा तुझा नेम. तिने हौसेनं साडीचा रंग विचारला तर म्हणतेस, "आपल्या टीव्हीत रंग कळत नाही बाई, उगाच कशाला सांगू?" हवेलीतली मोठी सून रागाने निघून गेली, तेव्हापासून मावशीचा एकच प्रश्न असायचा. "ताई, ती परत येती का?" आणि तू म्हणायचीस, "अजून नाही."

त्या आठवड्यात तू वणीच्या गडावर गेली होतीस, माझ्या टायफॉइडचा नवस फेडायला. जाताना बजावून गेलीस, भाग नीट बघ, आल्यावर सांग. आणि नेमकी त्याच संध्याकाळी गल्लीची डीपी जळाली. सगळी गल्ली अंधारात, आणि मी मात्र सरकारी क्वार्टर्समध्ये मैत्रिणीच्या वाढदिवसाला. तिथे दिवे होते, टीव्हीही चालू होता. मी आतल्या खोलीत पत्ते खेळत होते. बाहेर मालिकेचं शीर्षकगीत लागलं ते ऐकू आलं, पण माझ्या हातात तीन एक्के होते, कोण उठतंय. सकाळी नळावर, सगळ्यांच्या लेखी, अख्ख्या गल्लीत भाग बघितलेली मी एकटीच. बायकांनी मला घेरलं. मला, जिला एरवी "ए, बादली सरक" यापलीकडे कुणी काही म्हणत नसे. "काय झालं गं? आली का ती?" आणि मागे हंडा घेऊन मावशी. मी म्हटलं, "हो, आली." एवढंच म्हणायचं होतं. पण मावशीचं तोंड असं काही झालं की मी पुढे बोलत गेले. घरी परतलेल्या माणसाला कसं आत घेतात, याचं मी बघितलेलं एकच चित्र होतं. महिनाभरापूर्वी दवाखान्यातून आल्यावर तू मला उंबऱ्याबाहेर थांबवलं होतंस, भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं होतंस, आणि मगच आत घेतलं होतंस. तेच मी त्या हवेलीतल्या सासूच्या हाती दिलं.

तू आलीस. दुपारी मावशी आली आणि म्हणाली, "ताई, ऐकलं का? हिला सांगू द्या पुन्हा." मी पुन्हा सांगितलं. भाकर-तुकड्यापाशी आले आणि तुझी सुई थांबली. तू माझ्याकडे बघितलंस. मी फरशीकडे. तू एवढंच म्हणालीस, "मग?" मी म्हटलं, "मग घरात घेतलं." तू दोरा दाताने तोडलास आणि दुसरी साडी ओढलीस. आणि पुढच्या आठवड्यात बायका आपल्या घरी बसून भाग बघताना एकीने विचारलं, "मोठी सून दिसली नाही गं कुठे?" तर तू पडद्यावरची नजर न काढता म्हणालीस, "माहेरी गेली असेल चार दिवस." पदरचं न घालणारी तू. तोपर्यंत मावशी सासरी निघून गेली होती. तू तिला स्टँडवर सोडायला गेलीस, मला बरोबर घेऊन. फॉल लावलेली एक साडी तिच्या पिशवीत कोंबलीस आणि गाडी हलताना खिडकीशी जाऊन म्हणालीस, "दार नाही उघडलं तर इकडं ये. माझं उघडं आहे."

तर मला हे विचारायचं आहे, आई. तुला कळलं होतं ना? मग बोलली का नाहीस? पोरीचं खोटं गल्लीत उघडं पडू नये म्हणून? की तुलाही वाटलं, भावजयीची बोलणी खाण्यापेक्षा हिने आपल्या घरी जावं, आणि जायला निमित्त मिळतंय तर मिळू दे? की त्या दिवशी तू गडाच्या पायऱ्या चढून दमली होतीस, एवढंच? मी सगळं धरून बघते आणि एकही उत्तर पुरत नाही. तू मला एक सणसणीत ठेवून दिली असतीस तर बरं झालं असतं. बाकी पोरींच्या आयांनी किती सहज मारलं. पाच वर्षांनी तू गेलीस, तेव्हाही मी उशाशी बसून हे विचारायचं ठरवत होते, आणि तू पाणी मागितलंस, मग राहूनच गेलं. आता मी तुझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी आहे आणि तरी तुझ्या त्या "मग?"पुढे माझी मान वर होत नाही.

गेल्या रविवारी मी मावशीला फोन केला. खरं सांगायचंच असं ठरवून केला. "कोण? फॉल लावायची तिची ना तू? आवाज तिचाच हाय गं," म्हणाली आणि रडली, मग हसली. मी विचारायच्या आधीच सांगू लागली. "दोन दिस ओट्यावर बसले व्हते मी. आत-बाहेर सगळी करायची, पण मला कोणी ये म्हणंना. मी आपली बसले. वाटायचं, आता आणतीन भाकर, आता आणतीन. तिसऱ्या दिशी म्हातारी म्हणली, 'बसून काय राहिली, चूल पेटव.' झालं! तेच माझं ओवाळणं." ती पुन्हा हसली. मला हसता आलं नाही. मी म्हटलं, "मावशी, तू परत गेलीस ते..." तर म्हणाली, "चांगलं झालं का वंगाळ, ते नाय सांगता येत. मार बी खाल्ला, पोरं बी झाली. म्हातारीचं शेवटपर्यंत मीच केलं. म्हणून म्हणलं, एकदा डोळ्यांनी बघावं, कसं ओवाळत्यात ते." मग तिचा आवाज खाली आला. सून जवळपास असावी. "पण पोरी, खरं सांग. तो भाग हाय ना? हे समदे म्हणत्यात मला भरम झाला. डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचं चाललंय."

सगळं वाक्य तोंडात तयार होतं, आई. मावशी, तुझं डोकं ठीक आहे, खोटं माझं होतं. तोंडातून आलं ते असं, "आहे मावशी. मी बघितलाय." ती म्हणाली, "मग त्यांना सांग की गं." मी सांगते म्हटलं. आज आठवडा झाला. रोज गटावर लिहायला घेते आणि पुसते. आहे म्हणावं तर मास्तर वही उघडून कितवा म्हणून विचारणार. नाही म्हणावं, खरं काय ते लिहावं, तर तिची सून तिला ते वाचून दाखवणार, की आई, त्या बाईंनी लहानपणी थाप मारली होती आणि त्या थापेवर तुम्ही दोन दिवस ओट्यावर बसला होता. गप्प बसावं तर ती तिकडे वेडी ठरते आहे. बुधवारी त्यांचा डॉक्टरचा नंबर लागला आहे. मला यातलं काहीच करता येत नाही. बसून तुला पत्र लिहिता येतं, ते लिहिते आहे, आणि ते तुझ्या शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांवर ठेवणार आहे. दुसरं कुठे टाकणार?

आणखी एक आहे, ते लिहून टाकते. फोन ठेवता ठेवता मावशी म्हणाली, "तुझी आई गेल्यावर आले व्हते एकदा. तू चहा केला होता. साखर लय घातली होती." ती सहज म्हणाली. तिने मनात काही ठेवून म्हटलं असेल असं मला वाटत नाही. पण मला तो दिवस पक्का आठवतो. तुझे दिवस होऊन महिनाही झाला नव्हता. दार वाजलं, बाहेर मावशी. अंगावर तूच फॉल लावलेली साडी, एक डोळा सुजलेला, हातात पिशवी. तू गेल्याचं तिला दारातच कळलं, माझ्याकडून. ती आत येऊन बसली आणि झाकलेल्या मशीनकडे बघत राहिली. मी सोळा वर्षांची, बाबा दिवसभर पडून असायचे, दोन माणसांचं करतानाच माझा जीव जायचा. मी डोळ्याला काय झालं विचारलं नाही. विचारलं की ती राहील, हे मला कळत होतं. चहाचा कप रिकामा झाला तेव्हा मी म्हटलं, "मावशी, पाचची गाडी आहे ना तुझी?" तिने गाडीचं नावही काढलं नव्हतं. ती हो म्हणाली आणि उठली. तेव्हा पिशवी मीच उचलून तिच्या हातात दिली. जड होती, आई.