अवसरीच्या ओढ्यातले किडे

अवसरी बुद्रुक,
ता. १२ मे २००३

तीर्थस्वरूप रामदास दाजींच्या पायाशी कुंडलिकचा दंडवत. तुमचे गुडघे आणि वैजयंती अक्काचं पित्त कसं आहे ते कळवावं. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

दिवाळीत तुमच्या कॉलेजातल्या मंदाकिनी मॅडमना आपल्या ओढ्यातले किडे दर महिन्याला गोळा करून देणारा माणूस हवा होता आणि तुम्ही माझं नाव सुचवलंत. हायस्कुलात एकतीस वर्षं शिपाई होतो, त्यातली नऊ प्रयोगशाळेत (बेडूक पकडण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे), तेव्हा तुमचंही काही चुकलं नाही. मॅडमनी एकदा येऊन शिकवलं. प्रवाहात जाळी धरायची, तिच्या वरच्या अंगाचे दगड पायाने ढवळायचे, जाळीत येईल ते स्पिरिटच्या बाटलीत भरून पाठवायचं. ओढ्याची तब्येत म्हणे किड्यांवरून कळते. तीन शेपट्यांचा चपटा किडा सापडला तर पाणी उत्तम. नुसत्या लाल बारीक अळ्या आल्या तर ओढा शेवटच्या घटका मोजतोय.

गावाने माझ्यावर करमणूक करून घेतली. कालव्याच्या पाझरामुळे ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, म्हणजे प्रेक्षकही बारमाही. धोतर खोचून मी पाण्यात नाचतोय (लांबून तसंच दिसतं) हे बघायला बाया धुणं टाकून उभ्या राहत. सोमाजी दर खेपेला विचारी, "कालवणापुरतं घावलं का?" एकदा शेवाळावरून असा घसरलो की जाळीत माझीच कवळी आली. ती बाटलीत भरली नाही.

डिसेंबरात वरच्या वळणावर नवी डेअरी सुरू झाली. तिथलं धुवण, गोठ्याचं शेणमूत, कामगारांच्या संडासाचं पाणी, सगळं ओढ्यात. जानेवारीची बाटली पाहून मॅडमचं कार्ड आलं की किडे फार कमी दिसतात, जाळी नीट धरत जा. फेब्रुवारीत तर निव्वळ लाल अळ्या. पुन्हा ढवळलं, पुन्हा त्याच. दाजी, मला वाटलं माझ्याच हाताचं काहीतरी चुकतंय. ह्या अळ्या पाठवल्या तर मॅडम म्हणतील, रामदासरावांनी कसला माणूस दिला. म्हणून एस.टी.त बसून थेट वर डोंगरात आहुप्याला गेलो.

तिथल्या देवराईतल्या ओढ्यात एका दगडाखाली इतके किडे, की आपल्याकडे तीन महिन्यांत दिसले नाहीत. पण बहिरू नावाच्या म्हाताऱ्याने मनगट धरलं. "देवाचं हाय पावणं. किडा असला तरी देवाचाच. ठिवा खाली." मी ठेवले, आणि राईची हद्द संपल्यावर खालच्या अंगाला बाटली भरली. वर लिहिलं, अवसरी. मार्चमध्येही तेच केलं. मॅडम खूश. अवसरीचा ओढा सगळ्या तालुक्यात सर्वांत निरोगी असा त्यांचा अहवाल ग्रामपंचायतीत आला. शिवाय डोंगरातला एक किडा इतक्या खाली पहिल्यांदाच सापडला म्हणून त्या लेख लिहिताहेत (त्यात माझे आभार आहेत).

त्याच महिन्यात गावाने डेअरीविरुद्ध अर्ज केला होता. सरकारी साहेब पाहणीला आले, तर मॅनेजरने तोच अहवाल पुढे केला. नमुने कुणी गोळा केले ते साहेबांनी मोठ्याने वाचलं. आमच्या शेजारचा गेणभाऊ मागे उभा होता. तो म्हणाला, "कुंडलिकभाऊ सोता वढ्यात उतरतो. त्यो म्हंतो चांगलं, तर आसंल चांगलं." अर्ज तिथेच मिटला. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, मी तो बघत राहिलो.

गेणभाऊच्या घरी नळ नाही. त्याची बायको बायडाबाई ओढ्याकाठी झिरा उकरून पाणी भरायची. वास यायला लागल्यावर तिने ते बंद करून लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणायला सुरुवात केली होती. साहेब येऊन गेले त्या दिवसापासून पुन्हा झिऱ्यावर जायला लागली. वीस एप्रिलला तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मंचरला नेईपर्यंत हातापायांत गोळे आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. डॉक्टर म्हणाले, पाण्याचं आहे. दहाव्याची सगळी धावपळ मी केली. गेणभाऊ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, "तू व्हतास म्हून निभावलं राव." मी त्याची पाठ थोपटली, दाजी. हाताला काही झालं नाही.

बाकी क्षेम. अक्काला पित्तावर कोकमाचं पाणी द्यावं.

आपला,
कुंडलिक

ता. क. सोबतची बाटली परवा आपल्याच ओढ्यात भरली आहे. आत लाल अळ्याच आहेत. ती आणि हे पत्र मॅडमना द्या. गावाने पुन्हा अर्ज केलाय, शुक्रवारी साहेब येणार आहेत. अहवाल खोट्या नमुन्यांवर झाला असं मॅडमनी त्याआधी लिहून द्यायला हवं. यात तुमच्या नावालाही बट्टा लागेल. माफी कुठल्या तोंडाने मागू?

आणखी एक. हे पत्र घेऊन आलेला, तुमच्यासमोर बसलेला माणूस म्हणजेच गेणभाऊ. बाटली ओढ्याच्या कामाची आहे म्हटल्यावर लगेच निघाला. त्याला वाचता येत नाही. तीन आठवडे रोज त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो, पण तोंडातून शब्द फुटला नाही. तेव्हा हे सगळं तुम्हीच त्याला मोठ्याने वाचून दाखवा. चहा मात्र आधी द्या. नंतर तो तुमच्या घरचं काही घेणार नाही.