अकरावा खेळ

मी सोजराबाई नारायणराव मापारी, वय चौसष्ट, राहणार मेहकर. शाळेत गेले नाही, वाचायला घरीच शिकले. आज माझे डोके ठिकाणावर आहे आणि कोणी शेजारी बसून सांगत नाही. माझ्यामागे काय कोणाचे, ते माझ्या हाताने लिहिते.

१. राहत्या दोन खोल्या आणि पोस्टातली शिल्लक पुतणी गीता हिला. तिचे वडील, माझे दीर पंजाबराव, यांनी हरकत घेऊ नये.

२. शिलाई मशीन शेजारच्या गोजरबाईला. पायडल जड जाते, तेल घालावे.

३. मुलगा शालिग्राम याचा कॉम्प्युटर. याबद्दल सविस्तर लिहिते.

शालिग्रामची किडनी गेली तेव्हा तो एकवीसचा होता. त्याला चालवत नसे, म्हणून कॉम्प्युटरवर खेळत बसे. चोविसाव्या वर्षी गेला. दहाव्याला पैनगंगेवर कावळा पिंडाला शिवेना. पंजाबरावांनी नाना वचने दिली. बायकांनी तिथे बोलायचे नसते, तरी मी पुढे होऊन म्हणाले, "शालिग्राम, तुहा खेळ मी पुरा करीन." कावळा शिवला. पंजाबराव सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, कावळ्याले कॉम्प्युटर समजते काय?" म्हणून कलम एकमध्ये त्यांचे नाव तेवढ्यापुरतेच आहे.

मला वाटले होते, खेळ एकच असेल. अकरा निघाले. सगळे परदेशी, सगळे अर्धवट, आणि एकासारखा दुसरा नाही. एकात किल्ले आणि राक्षस. एकात बॉम्ब पडून गेल्यावरचा ओसाड मुलूख, तिथे पाण्यासाठी खून पडतात. तो मला लवकर समजला. एकात आकाशातले जहाज. एकात लढाई जवळपास नाहीच, नुसते बोलणे. त्यावर मी डिक्शनरी घेऊन इंग्रजी शिकले. कुठे वरून पाहून सहा माणसे पाळीपाळीने चालवायची, ते जमले. कुठे खेळातल्या माणसाच्याच डोळ्यांनी पाहायचे आणि क्षणात तलवार मारायची. तिथे माझी बोटे पुरी पडली नाहीत. शालिग्रामचा माणूस माझ्या हातून अठ्ठेचाळीस वेळा मेला. दर वेळी, खेळ जिथे जपून ठेवला होता त्या मागच्या खुणेवरून उठला. मी पुन्हा मारला.

नऊ वर्षांत दहा खेळ पुरे केले.

अकराव्यात एक गाव आहे, आत साथ पसरली आहे. वेशीचे दार उघडले तर बाहेरचे मरतील, बंद ठेवले तर आतले. शालिग्रामने माणूस दाराशी उभा केला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शालिग्रामला शेवटचे अकोल्याच्या दवाखान्यात नेले. दोन्हीपैकी काहीही केले तरी खेळ संपतो. दोन वर्षे मी रोज तिथवर जाते आणि बंद करते. वचन मोडते आहे, हे मला कळते.

गीताने हा खेळ संपवावा. त्याच्या मनात काय होते ते शोधत बसू नये, मी शोधले, सापडत नाही. स्वतःच्या मनाने ठरवावे, पण ठरवावे. मग कॉम्प्युटर कोणालाही द्यावा.

सही: सोजराबाई नारायणराव मापारी

आमच्यासमोर सही केली:
१. उत्तमराव कडूबा वानखडे
२. रुखमाबाई अर्जुनराव तायडे

मेहकर, जि. बुलढाणा
११ फेब्रुवारी २०१४