चढावर मोटार

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

वकीलसाहेबांची नवी मोटार आज अकोल्याला नेली. घरची पाच माणसं ऐसपैस बसतात, ब्रेक चांगला, गियर मात्र हट्टी. मूर्तिजापूरपुढच्या चढावर साहेबांच्या आई म्हणाल्या, “थांबव, मले उतरू दे. चढावर बैलाले ओझं होते.”

“बाई, बैल नाई, मोटार आहे हे.”

“मंग? तिले दम लागत नाई काय?”

त्या पायी चढल्या. मोटार एका झपाट्यात वर. त्यांची वाट पाहताना मी बॉनेटवर थाप मारली. बैलांची दमणी हाकायचो तेव्हाची सवय. हात पोळला. मोटार आली त्याच आठवड्यात साहेबांनी बैलजोडी विकली, बाजारात मीच नेली.

हाताला तूप लावलं, तरी चुरचुरतोय. थाप मारली की डावा बैल मान वळवून बघायचा. दलालाच्या हाती दोर देतानाही त्यानं बघितलं होतं.