फॉर्ममधली माणसं

१२ एप्रिल, शुक्रवार

घर तपासायची बाई येऊन गेली. आणि मी तिची ओटी भरली!

हे घर भाड्याचं. दर सहा महिन्यांनी एजंटचं माणूस येऊन बघतं, आपण नीट राहतो की नाही. कुशल आठ दिवस मागे लागला होता — आई, भिंतीला डाग नको, आई, ओव्हन उघडून बघतात. माझाच मुलगा, पण घरभाड्याचं निघालं की आवाज कसा कारकुनासारखा होतो. सून मयूरा शिफ्टला. म्हणजे उरलं कोण? मी आणि इरू. त्यांची इरू तेरा महिन्यांची. मी फरशी पुसली की तीवर बिस्कीट कुस्करते आणि माझ्याकडे बघून हसते. गुणाची गं बाय माझी! तरी मी सोडा लावून ओव्हन घासला, खिडक्यांच्या खाचा काडीने कोरल्या, मागच्या मेथीच्या वाफ्यातलं गवत उपटलं. आले तेव्हा तिथे नुसतं रान होतं.

बाई पोरगेलीशी. टेस नाव. खोल्याखोल्यांतून फोटो काढत हिंडली. हॉलमध्ये चैत्रगौर बसवलेली. इथे भिंतीला खिळा मारायला बंदी, म्हणून कुशलने दोन खुर्च्यांवर काठी टाकून झोपाळा टांगलाय. ती थांबली. "ब्युटिफुल" म्हणाली. आता चैत्रातला शुक्रवार, बाई दारात आलेली, बोटात अंगठी दिसतेय. तिला तशीच कशी पाठवणार? हळदीकुंकू लावलं. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायला गेले तर तिला पदर कुठला! तिने जॅकेटचा खिसा पुढे केला.

तेवढ्यात मयूरा आली. दारातच थबकली. "आई, ती इन्स्पेक्शनला आलीये, हळदीकुंकवाला नाही!"

टेसने आंब्याची डाळही खाल्ली. कैरी कुठली मिळायला, हिरवं सफरचंद किसून घातलं होतं. बोटं चाटली. "नो वरीज, लव्हली होम," म्हणत कुंकवासकट गाडीत बसली.

मयूरा नंतर पोट धरून हसली. फार दिवसांनी हसली.

१३ एप्रिल

इरू चालली!! सोफ्यापासून सहा पावलं. तिची आई शेजारीच बसलेली, तरी माझ्याकडे आली. मयूराने टाळ्या वाजवल्या. मग भांडी लावायला उठली.

२१ एप्रिल, रविवार

मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनाला जाऊन आलो. इथून, बॅलरॅटहून, तास-सव्वा तास गाडीने, महिन्यातून एकदा. तिथे आपली दुकानं. पीठ, डाळी, गोडं तेल भरून आणायचं. पेट्रोल वाचावं म्हणून शेजारच्या पंजाब्यांचं सामानही आम्हीच आणतो, पुढच्या महिन्यात ते आमचं आणतात. कढीपत्त्याच्या पुडीत चार काड्या, आणि भाव असा की मी ती पुडी परत ठेवली. ती मयूराने हळूच बास्केटात टाकली. "घ्या हो आई, एवढ्याने काय होतंय." एवढ्याएवढ्यानेच होतं, हे तिलाही ठाऊक आहे.

मला वाटायचं लहान गाव म्हणजे स्वस्त. कुशल म्हणतो, सगळ्यांना तसंच वाटलं, म्हणून सगळे इथेच आले. त्यात त्याचा व्हिसा असा की अजून दीड वर्ष मेलबर्नला राहायचंच नाही, लहान गावातच राहायचं. मग कायम राहायची पक्की कागदं. तोवर सरकारची कसली सवलत नाही. पाळणाघर दिवसाचं जे घेतं ते दिलं की मयूराच्या दिवसाच्या पगारातून चहापाणी उरतं. मूल आजारी पडून घरी राहिलं तरी पैसे द्यायचे म्हणे! हा कुठला न्याय? म्हणून तर मी आले डिसेंबरात. वर्षभराचा व्हिसा. मयूरा म्हातारी माणसं असतात त्या होममध्ये काम करते. दुसऱ्यांच्या आयांना ती न्हाऊ घालते, तिची लेक मी न्हाऊ घालते.

थंडी सुरू झाली. चैत्रात झाडांची पानं गळतायत. हीटरला हात लावला की कुशल स्वेटर आणून देतो.

पण खरं लिहू? इथे माझा दिवस कसा जातो कळत नाही. कुशलला मी असं खेळवलं नाही. तेव्हा सासूबाई, दोन दीर, चूल. आता ही एवढीशी माझ्या पोटावर झोपते नि घोरते. हे फोनवर विचारतात, कधी येतेस? मी म्हणते, डिसेंबरात. मनात म्हणते, डिसेंबर येऊच नये.

३ मे, शुक्रवार

घर विकायला काढलंय मालकाने. दोन जुलैच्या आत सोडा.

ईमेल आला. कुशलने दोनदा वाचला. मग कामाला निघून गेला, डबा न घेता.

५ मे

जाहिरात लागली. मयूराने फोनवर दाखवली. माझा ओव्हन! आरशासारखा. खिडक्या. मेथीचा वाफा, कोथिंबीर. खाली काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, उत्तम राखलेलं घर, मागे भाजीची तयार बाग.

तयार. पाच महिन्यांचा माझा घाम!

कुशलला म्हटलं, मी एवढं चकचकीत केलं नसतं तर त्याच्या डोक्यात विकायचं आलंच नसतं. तो म्हणाला, "आई, तुझा काय संबंध? त्याचं कर्ज वाढलं, तो विकतोय." असेल तसं. पण मी घासत होते तेव्हा मला वाटत होतं मी आमचं घर राखतेय.

मेथी खुडली नाही आज.

११ मे, शनिवार

घर बघायला गेलो. लांबून बघितलं तर मला वाटलं मयत झालंय. एवढी माणसं फुटपाथवर, कोणी कोणाशी बोलत नाही. पोरं कडेवर. एक गोरा म्हातारा एकटाच, हातात फाईल. त्याला बघून मला भडभडून आलं. या वयात भाड्याची खोली शोधतोय! त्याच्याच देशात!

पंधरा मिनिटं आत सोडतात. संडास बघायचा, नळ सोडून बघायचा, बाहेर. मग फोनवर फॉर्म. घरात माणसं किती? मोठी किती, लहान किती? कमावती किती? कुत्रं आहे का?

मोठी तीन. कमावती दोन.

"तिसरी कोण?" एजंटने विचारलं. कुशल म्हणाला, माय मम. मी हसले. काय करणार, चांगलं दिसावं म्हणून हसले. नवी साडी नेसून गेले होते.

१६ मे

शनिवारचं घर गेलं, आणखी दोन ठिकाणहूनही नाही. कारण सांगत नाहीत.

१९ मे, रविवार

मागे दोरीवर कपडे वाळत घालत होते. आत ही दोघं. खिडकी उघडी.

कुशल — "तीन बेडरूमचं आपल्याला झेपणारच नाही आता. हेच घर आज भाड्याने घ्यायचं म्हटलं तर दीडपट."

मयूरा — "मग दोनचं बघ. एकचं बघ."

कुशल — "एकाच्यात तीन मोठी माणसं कोण घेईल?"

मग मयूरा — "आईंचं नावच नको टाकूया."

"आणि इन्स्पेक्शनला आली की काय, कपाटात बसवू तिला?"

हसले दोघं. मलाही हसू आलं, देवाशपथ. मला टेसच आठवली, कपाट उघडतेय आणि आत मी, हळदीकुंकवाची ताटली घेऊन. मग हातातलं इरूचं झबलं कितीदा झटकलं कुणास ठाऊक. मयूराचा राग नाही आला. तिने चुकीचं काय म्हटलं? जागेत मावायला कोणाला तरी बारीक व्हावं लागणार.

२६ मे

सांगून टाकलं. जेवताना. म्हटलं, मी जाते परत जूनअखेर. ह्यांचे गुडघे दुखतायत (दुखतात ते दहा वर्षं). चिंचवडला आपलं घर आहे, तिथे मला कोणी फॉर्म भरायला लावत नाही.

कुशलने घास खाली ठेवला. "आणि इरूला कोण बघणार?"

मी म्हटलं, पाळणाघर.

"यादीत नाव घातलंय आई, फेब्रुवारीपासून. अजून नंबर नाही. आणि आला तरी पैसे?"

मग मयूराने नोकरी सोडायची? तर एका पगारावर एजंट एक बेडरूमसुद्धा देत नाही. सगळ्या बाजूंनी फिरून तिथेच येतो आम्ही. मी राहिले तर घर नाही. मी गेले तर पगार नाही. इरू मध्ये बसून टेबलावर चमचा बडवत होती. कोणी तिला थांबवलं नाही.

मयूरा जेवली नाही.

१ जून, शनिवार

कसलं तरी व्रत असल्यासारखं दर शनिवारी उठायचं, आंघोळ करायची आणि लोकांची घरं बघत हिंडायचं. आज चौथा शनिवार. घराच्या भिंतीला बुरशी. तरी रांग होतीच.

आता मी गाडीतच बसते. इरूला घेऊन. तिला मजा वाटते, काचेवर श्वास सोडते आणि बोटाने रेघा काढते.

५ जून

घर मिळालं. एक बेडरूम, लॉन्ड्रीच्या दुकानामागे. फॉर्मवर दोन मोठे, एक लहान. आमच्या नाशकाच्या पाहुण्यांच्या बाथरूमएवढं स्वयंपाकघर, आणि भाडं म्हणाल तर पूर्वीच्या तीन खोल्यांचंच. कुशल मिठाई घेऊन आला! हिरवी बर्फी. इतकी दशा झाली की ह्याचीही मिठाई खायची.

माझं सत्तावीस जूनचं बघतायत तिकीट.

इरूचं काय करणार, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मयूरा रात्रपाळी मागतेय असं कानावर आलं. म्हणजे एक जण कामावरून आला की दुसऱ्याने जायचं. मग झोपायचं कधी?

८ जून

इरू मला "आ" म्हणते. आजीचा आ की आईचा आ, ते तिचं तिला माहीत. मी काही समजावून सांगत बसले नाही.

माझ्या मनात दिवसभर एकच. हिचा वास कसा नेऊ? लोक लोणचं नेतात, मसाले नेतात. मी गेल्यावर महिन्याभरात ही मला विसरेल. लहान मुलं विसरतात, त्यात त्यांचा दोष नसतो. फोनवर दाखवतील मला, ती फोन चाटेल.

देव्हाऱ्यातल्या गौरीला म्हटलं, काहीतरी कर बाई. हिला माझ्यापासून काढू नकोस. नुसतं एवढंच म्हटलं. दुसऱ्या कोणाचा विचार केला नाही.

१३ जून, गुरुवार

दुपारी मयूरा शिफ्टहून आली ती युनिफॉर्म न बदलताच माझ्या पलंगावर बसली. इरूचे स्वेटर घडी घालायला लागली. घातलेली घडी परत मोडून परत घालत होती. म्हणाली, "आई, इरूलाही न्या बरोबर. पक्की कागदं होईपर्यंत. पासपोर्ट आलाय तिचा."

मी "हो" म्हणाले. तिचं बोलणं संपायच्या आत म्हणाले. इतका आनंद झाला की तिच्या तोंडाकडे बघायचंच राहून गेलं.