मक्याची मतं

कोल्पामार्का, ३ जून २००९

चि. हिलारियो यास फाउस्तिनाताईचे आशीर्वाद. आशीर्वाद एवढ्या ओळीपुरतेच.

तुमच्या संशोधन केंद्राचा कागद शाळेच्या भिंतीवर लागलाय. आठ नंबरचा बटाटा पहिला, एकतीस नंबर बाद. पुरुषांची मतं बेचाळीस, बायकांची शून्य! अरे, आम्ही अडतीस बायका वाफ्यावाफ्यातून फिरलो. मत म्हणून पुरुषांनी आवडत्या वाणापुढच्या त्यांच्या पिशवीत घेवड्याचे दाणे टाकले, आम्ही आमच्या पिशवीत मक्याचे. मग शून्य कुठून आलं? आठ नंबर दिसायला गोंडस, पण तासभर शिजवला तरी साबणासारखा. एकतीस कसा उकलतो, पोरं नुसता खातात! गेल्या साली करप्यानं आमचे जुने वाण नेले, तेव्हापासून याच एका बियाण्यावर डोळे लावून बसलोय. जाब दे.

तुझी (अजून तरी) ताई


वान्कायो, ११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

शून्य तुमचं तुम्हीच केलंत. इथे पिशव्या उघडल्या तर बायकांच्या सगळ्या रिकाम्या. ड्रायव्हर म्हणाला, बायकांनी मतं भाजून खाल्ली! केंद्राचे साहेब पोट धरधरून हसले, मला मान वर करवेना. रानबटाट्याशी संकर केला, त्यातून चार हजार रोपं आली, एकेकाचं पान प्रयोगशाळेत तपासून करप्याला टिकणारी तेवढी निवडली. नऊ वर्षं घातली मी त्यात, आणि तुम्ही मूठभर मक्यापायी त्यावर पाणी फिरवलंत. मोजणी केंद्रात होणार, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

माया आहेच, थोडी अक्कलही असू दे.

हिलारियो


कोल्पामार्का, १७ जून

हिलारियो,

सांगितलंस, पण स्पॅनिशमध्ये! साहेबाच्या शेजारी छाती काढून. आमच्यात स्पॅनिश येतं तिघींना, आणि त्या तिघी तुमच्याच जेवणासाठी चुलीपाशी होत्या. ज्या केचुआत आईनं तुला लहानाचा मोठा केला, ती साहेबासमोर बोलायला जीभ झडली असती का? तू पिशव्यांत डोकावून मान डोलावलीस, आम्हाला वाटलं मोजून झालं, म्हणून दाणे काढून भाजले. मका कोणी टाकून देतं का? आणि बसमध्ये खायला तुला पुडी बांधून दिली, तो मका कुठला होता? खाल्लासच ना?

लोभ नंतर बघू. आधी ते शून्य खोड.

फाउस्तिना


वान्कायो, २४ जून

ती. ताईस सा. न.

खाल्ला. वाटेतच संपवला.

साहेबांना सांगितलं, चूक माझी. त्यांच्यासमोर गावंढळ दिसायची लाज वाटली मला. पण ताई, बाद वाणाचे कंद ठेवत नाहीत. एकतीसचे सगळे सोमवारी खड्ड्यात गेले, तुझं पत्र बुधवारी आलं. काचेच्या नळीत त्याचं बोटभर रोप तेवढं उरलंय. त्याचे तुकडे करून वाढवत शेतापर्यंत यायला तीन वर्षं लागतील. तेही बायकांनी अंगठे देऊन मागणी केली तर. आठ जुलैला कागद घेऊन येतो. रागाव, पण अंगठे दे.

तुझा हिलारियो


कोल्पामार्का, ३० जून

हिलारियो,

तीन वर्षं! तोवर आम्ही काय खायचं, ते त्या नळीत बघून सांग.

ये. पण मी बायकांना एका जागी गोळा करणार नाही. तू घरोघर जायचं. प्रत्येकीला आपल्या भाषेत सांगायचं, की तिचा बटाटा कोणी मारला आणि का. मग अंगठा मागायचा. देईल ती देईल.

सदतीस दारं झाली की माझ्या दारी ये.

फाउस्तिना