नकाशाखालचे चार चौकोन

ता. ९ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

आई तुझ्याकडे पोचल्याचं कळलं. ती बाथरूममध्ये घसरली तो दिवस आठवला की अजून धस्स होतं. मनगटाची सूज उतरली का ते कळव. पंधरा दिवस तिला सांभाळ, तोवर तिच्या बाथरूमची जमीन नवी करून तिला न्यायला येतो. जुनी फरशी कालच उखडून झाली. आमच्या खोलीतल्या बाथरूमला पायरी आहे, ती तिला झेपायची नाही, म्हणूनच हा खटाटोप.

सौ.ने टाईल्स पसंत केल्या आहेत. दोन बाय चार फुटांच्या, दगडासारख्या करड्या, हाताला खरखरीत. पेट्या आईच्या खोलीत ठेवल्या आहेत, दोन तिच्या पलंगावर. आता प्रश्न फक्त रचनेचा. खोली आठ फूट पाच इंच लांब, म्हणजे दोन टाईल्स अख्ख्या आणि वर पाच इंचांची पट्टी. दारातून पाहणाऱ्याला अख्ख्या टाईल्स दिसाव्यात, म्हणून ती पट्टी मी पलीकडच्या भिंतीशी ढकलली आहे.

बाबांचा नियम तुला माहीतच आहे. घराची जमीन, भिंत, दार काहीही बदलायचं तर सगळ्यांच्या सह्या कागदावर हव्यात. फोनवरचा होकार त्यांनी कधी मानला नाही. ते गेले तरी नियम आहेच. नकाशा सोबत जोडला आहे, खाली सह्यांसाठी चार चौकोन आखलेत. एक माझा, एक सौ.चा, एक तुझा, आणि चौथा बाबांच्या आठवणीसाठी रिकामा. मला स्वतःलाच जरा भरून आलं.

मिस्त्री म्हणत होते की जमिनीसाठी टाईल्स कापून घ्या. एवढ्या मोठ्या टाईल्स आणायच्या त्या कापायला का? मी त्यांच्यापुढे नकाशा धरला.

कळावे. लोभ आहे तेवढा राहू दे, शंका मात्र काढू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. १७ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

नकाशा मिळाला. रंग छान भरले आहेस. यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढून काढून कंटाळलेला माणूस बाथरूमवर किती जीव ओवाळू शकतो ते पाहून मौज वाटली. परत पाठवते आहे, लाल शेरे वाचावेत. दहापैकी साडेतीन.

तुझी पाच इंचांची पट्टी जिथे ढकललीस तिथेच आई स्टूल ठेवून आंघोळ करते. म्हणजे दारातून डोकावणाऱ्या पाहुण्याला अख्खी टाईल आणि आंघोळ करणारीला चिंधी! पाहुणे बाथरूम बघायला येतात का रे तुमच्याकडे? शिवाय पाण्याची जाळी खोलीच्या मधोमध आहे. चारी बाजूंनी तिकडे उतार हवा आणि चार फुटांची टाईल काही वाकत नाही. शाळेची स्वच्छतागृहं मी दोनदा बांधून घेतली आहेत, मला शिकवू नकोस. सही करत नाही.

आई मजेत आहे. सूज उतरली. माझे सगळे पडदे तिने उसवून नव्याने शिवले. संध्याकाळी शाळेतून येते तर गरम जेवण तयार. तेव्हा तिची काळजी करू नकोस, नकाशाची कर.

लोभाचं म्हणशील तर तो नकाशावर अवलंबून नाही, ही तुझ्यावर मेहेरबानी.

तुझी,
ताई


ता. २० एप्रिल

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लागला, पण काम कसून केलं आहे. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इथे रोज टेप घेऊन वाकणारा मी आहे.

नवा नकाशा पाहा. विटांच्या भिंतीत असतात तशा ओळी. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्ध्या टाईलने सरकलेली. पट्टी त्यामुळे एका जागी साचत नाही, दोन्हीकडे वाटली जाते. मिस्त्रींनी इथेही घोडं पेंड खायला लावलंच. म्हणाले, मोठी टाईल भाजताना मधोमध जराशी फुगते; अर्ध्यावर सरकवली की एकीची कडा दुसरीच्या पोटाशी येते आणि बोटाला ठेच लागेल एवढी धार उभी राहते. सरकवायचीच तर एक तृतीयांश सरकवा. त्यांनी जुन्या फरशीच्या तुकड्यावर पट्टी ठेवून दाखवलंही. तेव्हा एक तृतीयांश केलं आहे. पाणी जाळीच्या अलीकडे थोडं साचेल, पण त्यासाठी वायपर आहे.

आणखी एक गोष्ट, हसू नकोस. मी माप फक्त दाराच्या बाजूने घेतलं होतं. मागची भिंत दोन इंच आखूड निघाली. ही भिंत बाबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती, त्यामुळे ती वाकडी असेल असं मनातही आलं नाही.

सही लवकर पाठव. मिस्त्री दुसरं काम घेतील.

कळावे. आहे तो लोभ साचू देऊ नकोस, वाहता ठेव.

तुझा,
धाकटा


ता. २ मे

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

हसले. शेजारीण विचारायला आली इतकी हसले.

पन्नास वर्षं त्या घरात राहिलास आणि भिंत वाकडी आहे हे आता कळलं? तू कारखान्यात जे सुटे भाग काढतोस ते एकमेकांत बसतात ना रे? आणि वायपरचं काय लिहिलंस? मनगट नुकतंच बरं झालेल्या बाईने आंघोळ करायची, मग वायपर मारायचा, मग जपून बाहेर यायचं. कवायत आहे का? बारभाईचा कारभार म्हणतात तो असा असतो, इथे तर भाई एकच आहे.

एक तृतीयांशाबद्दल मिस्त्रींना पूर्ण गुण. तुला चार. सही नाही.

आई बरी आहे. रोज विचारते, पत्र आलं का. मी सांगते, आलं, अजून ठरतंय. उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. आम्ही दोघी दुपारी जुने फोटो लावत बसतो. खूप वर्षांनी मला घरी कोणी वाट पाहणारं आहे, त्यामुळे तुझ्या नकाशांची एवढीही घाई नाही. म्हणजे चूक राहायला नको, एवढंच.

लोभ ठेव आणि टेप दोन्ही बाजूंना लाव.

तुझी,
ताई


ता. ११ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

हा तिसरा नकाशा. सगळ्या टाईल्स तिरक्या, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे. भिंत वाकडी असो की सरळ, तिरक्या रेघांत कोणाच्या बापाला कळणार नाही. (आपल्याच बापाची भिंत आहे, माफ कर.) तुकडे बरेच वाया जातील, आणखी दोन पेट्या मागवल्या. त्याही आईच्या खोलीत. आता तिथे आत शिरायला आडवं व्हावं लागतं.

एक विचारू? पहिल्या नकाशाला पट्टी नडली, दुसऱ्याला वायपर. तुला नक्की काय पाहिजे ते एकदा लिही ना. तुझ्या लाल पेनाला माझं घर म्हणजे सहामाहीचा पेपर वाटतो का?

तशी इकडेही आग लागलेली नाही. सौ. म्हणत होती, आई तिकडे रमल्या आहेत तर पावसाळा होऊन जाऊ दे. तिने स्वयंपाकघरातली फडताळं आपल्या पद्धतीने लावली आहेत, तिला बरं वाटतंय. मलाही सकाळी घाई नसते. पण याचा अर्थ आम्हाला आई नको असा मुळीच काढू नकोस. तू काढशील, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

कळावे. लोभ आडवा, उभा, तिरका, कसाही चालेल.

तुझा,
धाकटा


ता. ५ जुलै

चि. धाकट्यास आणि चि. ताईस, दोघांना एकच पत्र,
तुमच्या आईचे अ. उ. आ.

एक प्रत टपालात टाकली आहे, दुसरी ताईच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे. बाबांचा नियम कागदाचा, म्हणून कागदावरच लिहिते.

काल बटणं शोधताना ताईच्या कपाटात तुमची पत्रं सापडली, ताईने ठेवलेल्या तिच्या पत्रांच्या नकलांसकट. सगळी वाचली. लिहिता छान दोघंही. टाईल्स कुठे वाकत नाहीत, कुठे फुगतात, जाळीला पाणी कसं लागतं, सगळं समजलं. आईला काय हवं ते मात्र दोघांपैकी एकानेही विचारलेलं नाही. नकाशाखाली चार चौकोन आहेत. गेलेल्या माणसाला चौकोन आहे. मी अजून आहे, म्हणून बहुधा मला नाही.

धाकट्या, तुमच्या बाबांना ती भिंत वाकडी आहे हे माहीत होतं. ती बांधताना ते उभे होते खरे, पण शेजाऱ्यांशी गप्पा मारत. मी सांगितलं तर म्हणाले, राहू दे, कोण मोजायला येतंय. पन्नास वर्षं मी त्यावर पडदा टाकला, आता तू टेप घेऊन काढलास. असो. सूनबाईला फडताळं लावू दे, तिचं स्वयंपाकघर आहे. मीही सून होते. पण माझ्या पलंगावरच्या पेट्या कोणी उचलायच्या?

आणि ताई, तुझं तर काय सांगू. दोन नकाशे मोडलेस. तिसऱ्यावर लाल पेनाने 'चक्कर येईल' एवढं लिहून झालंय, पुढचं कारण सुचलेलं दिसत नाही. तू मला जाऊ द्यायला तयार नाहीस, हे मला मेमध्येच कळलं होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? सरळ म्हणाली असतीस तर मी आनंदाने महिनाभर आणखी राहिले असते. भावाला नापास करून मला ठेवून घ्यायचं, हे शाळेत चालतं का?

मला माझ्या घरी यायचं आहे. इथे काही कमी नाही, पण इथे मी पाहुणी आहे, आणि पाहुणीला कंटाळा आला असं म्हणता येत नाही. पंधरा दिवसांचे चार महिने झाले.

मिस्त्रींना मी फोन केला. ते म्हणाले, आजी, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मोठ्या टाईल्स भिंतीला लावा, जमिनीसाठी त्याच कापून फूट बाय फूट करा. लहान तुकड्यांना चारी बाजूंनी उतार देता येतो, पाणी जाळीत जातं आणि सांधे जास्त म्हणून पाय धरून राहतो. मी चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले आहेत. अख्खं कापड सगळ्यांना आवडतं, पण कापल्याशिवाय ते कोणाच्या अंगाला बसत नाही. त्यांना हो म्हटलं. कागदावर सही हवी ना? ही घ्या, खाली केली आहे.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. न्यायला येऊ नका. फरशी होईपर्यंत मी धाकट्याच्या खोलीतल्या बाथरूममध्ये आंघोळ करीन, रोज साडेसहा ते साडेसात. पायरीची काळजी नको. ताईचे दोन मजले मी चार महिने चढते-उतरते आहे.

माझा लोभ मागावा लागत नाही. तो दोघांवर सारखा आहे, राग सुद्धा.

तुमची,
आई


ता. १६ जुलै

ती. आईस, नव्हे, नुसतं आईस,
ताईचा सा. न. वि. वि.

धाकट्याचा फोन आला होता. तू गुरुवारी पोचलीस आणि सोमवारी फरशी पूर्ण! चार महिन्यांचं काम चार दिवसांत. म्हणाला, शुक्रवारी साडेसहाला दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा होतो तेव्हाच मिस्त्रींना फोन लावला. पाणी सरळ जाळीत जातं म्हणाला, आवाज पडला होता. मी हसले नाही. माझी हसण्याची जागा उरलेली नाही.

पहिला नकाशा आला त्या संध्याकाळी मी सही करायला पेन उघडलं होतं. स्टुलाजवळ पट्टी येते हे खरं होतं, पण एवढं काही बिघडलं नसतं. तेवढ्यात तू आतून विचारलंस की उद्या डबा किती वाजता हवा. माझी लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी पेन बदललं, लाल घेतलं.

तुला परत बोलवायला आता एकही कारण हाताशी नाही. फरशी चांगली, पडदे शिवलेले, माझी तब्येत ठणठणीत. कारण नसताना लिहायची मला सवय नाही, म्हणून तीनदा फाडून हे चौथ्यांदा लिहिते आहे. आई, मला एकटीला करमत नाही. तू ये.

तुझी,
लेक