मागच्या दाराचं कुलूप

बाळ्या,

घरभर धूळ दिसली तर घाबरू नकोस. चोर आलेला नाही, गवंडी आला होता. मीच बोलावलं होतं.

मागच्या उंबऱ्याला अडखळून मी पडले, तेव्हा तू बागेच्या दाराला कुलूप घातलंस. "आई, आता खिडकीतूनच बघायचं," म्हणालास. उन्हाळाभर बघितलं. खिडकीतून तण नुसतं दिसतं, उपटता येत नाही. चूक उंबऱ्याची आणि कोंडायचं मला, हे काही पटलं नाही.

म्हणून आज उंबरा काढला. खिडकीची भिंतही पाडली. आता स्वयंपाकघराची फरशी सरळ पेरूच्या झाडापर्यंत जाईल, मध्ये बोटभरही उंचवटा नाही. माझा वॉकर अडेल कशाला? काचेचं सरकतं दार उद्या बसेल. तोवर ताडपत्री बांधली आहे, ती सोडू नकोस आणि ओल्या सिमेंटवर पाय देऊ नकोस.

मी गवंड्याबरोबर फरशीच्या दुकानात जातेय. तो एकटा गेला तर "जवळपास असाच रंग" घेऊन येईल. आतली आणि बाहेरची फरशी एकच हवी.

जेवण झाकून ठेवलंय. ओरडायचं असेल तर जेवून घे आणि मग ओरड. मी ऐकून घेईन, पण बागेत बसून.

आणि हो, तुझ्या कुलपाला कुणी हात लावलेला नाही. दार चौकटीसकट काढून कुंपणाला टेकवलंय, कुलूप त्यावर तसंच आहे. किल्ली खुशाल तुझ्याकडेच ठेव.

आई